‘आम्ही जाहिराती घेत नाही’: एका आरोग्यविषयक वेबसाइटचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याकडे सल्लागार म्हणून आलं होतं. संस्था, माणसं आणि वाचक ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

वेबसाइट एका छोट्या स्वयंसेवी संस्थेची. आजार, तपासण्या, औषधं, उपचारांचे पर्याय यांवर सोप्या भाषेत लिहिलेली काहीशे पानं. विकायला काही नाही, लॉगिन नाही, सदस्यत्व नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ असायची: ‘आम्ही जाहिराती घेत नाही आणि वाचकांची माहिती कोणालाही देत नाही.’

ओळ संपादक ताईंनी स्वतः लिहिलेली. त्यांचा तिच्यावर मनापासून विश्वास होता आणि पहिल्या अर्ध्या भागापुरती ती खरीही होती.

काम पाहणारे तिघं. संपादक ताई, एक अर्धवेळ डेव्हलपर आणि देणग्यांचं काम बघणारे एक गृहस्थ. डेव्हलपर वर्षभरापूर्वी आलेला. त्याच्या आधी वेबसाइटला बऱ्याच जणांचे हात लागून गेले होते, आणि कोणी काय केलं याची नोंद कुठेही नव्हती. छोट्या संस्थांमध्ये हे नेहमीचंच. वेबसाइट चालू आहे ना, मग तिच्या पोटात काय आहे हे बघायला कोणाला वेळ असतो?

अडचण कशी समोर आली

एका वाचक बाईंचं पत्र आलं. त्यांनी वेबसाइटवर वंध्यत्वाच्या उपचारांविषयीची चार-पाच पानं वाचली होती. घरात संगणक एकच, सगळ्यांचा मिळून. दोन दिवसांनी त्याच संगणकावर घरातलं दुसरं कोणी समाजमाध्यम बघत असताना उपचार केंद्रांच्या जाहिराती दिसू लागल्या. बाईंनी ही गोष्ट घरात अजून कोणाला सांगितलेली नव्हती. पत्रात आरडाओरडा नव्हता, एकच प्रश्न होता: तुमच्याकडे जाहिराती नाहीत म्हणून मी तुमच्याकडे वाचत होते, मग हे त्यांना कोणी सांगितलं?

ताईंची पहिली प्रतिक्रिया ‘आपल्याकडून शक्यच नाही’ अशी होती. डेव्हलपरनं वेबसाइटच्या स्वतःच्या कुकीज तपासल्या. सर्व्हर फक्त एकच कुकी ठेवत होता, अक्षरांचा आकार लक्षात ठेवणारी. ‘आपण स्वच्छ आहोत’ असा निष्कर्ष निघाला आणि उत्तराचा मसुदाही तयार झाला. तो पाठवण्याआधी ताईंनी मला फोन केला, ही या प्रकरणातली नशिबाची गोष्ट.

त्या निष्कर्षात चूक कुठे होती, ते जरा नीट सांगतो. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्या एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. सर्व्हरच्या दृष्टीनं प्रत्येक विनंती नवी, आधी कोण आलं होतं याचा त्याला पत्ता नसतो. यावर १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुली यांनी उपाय काढला. सर्व्हरनं उत्तरासोबत एक छोटी चिठ्ठी द्यायची, ब्राउझरनं ती जपून ठेवायची आणि पुढच्या वेळी त्याच सर्व्हरकडे जाताना सोबत न्यायची. ही कुकी. पण एक पान उघडलं की ब्राउझर एकाच सर्व्हरकडे जात नाही. पानात चित्र दुसरीकडचं असेल, व्हिडिओ तिसरीकडचा, स्क्रिप्ट म्हणजे पानात चालणारा छोटा प्रोग्रॅम चौथीकडचा, तर तो त्या सगळ्यांकडे जातो. त्यातला प्रत्येक जण आपापली चिठ्ठी देऊ शकतो आणि आधी दिलेली परत वाचू शकतो.

कुकी पहिल्या पक्षाची की तिसऱ्या, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. तुम्ही कोणाच्या पानावर उभे आहात त्यावर ते ठरतं. समाजमाध्यमावर लॉगिन करताना मिळालेली कुकी तिथे पहिल्या पक्षाची असते. आरोग्याच्या पानात त्याच कंपनीचं एक ठिपक्याएवढं अदृश्य चित्र असेल, तर तीच कुकी इथे तिसऱ्या पक्षाची म्हणून काम करते. डेव्हलपरनं ‘आपण काय ठेवतो’ हे पाहिलं होतं. ‘आपल्या पानावर कोण कोण येऊन बसलंय’ हे पाहिलं नव्हतं.

तपास

ताईंच्या शेजारी बसून मी त्यांच्याच लॅपटॉपवर क्रोमची नवी खासगी खिडकी उघडली. एरवीच्या खिडकीत आधीच्या कुकीज आणि एक्स्टेन्शन्स चित्र बिघडवतात. डेव्हलपर टूल्समधला, ब्राउझर कोणाकोणाकडे विनंती पाठवतो ते दाखवणारा नेटवर्क टॅब उघडला, ‘लॉग जपून ठेवा’ला टिक केली आणि वंध्यत्वाचं पान लोड केलं. ओळी भराभर सरकायला लागल्या. ताई म्हणाल्या, “एवढं सगळं आपलंच?”

आपलं नव्हतं. डोमेनच्या रकान्यावर क्लिक करून यादी लावली, तर आमच्या डोमेनशिवाय अकरा डोमेन निघाली. पानावर काही दाबलं नव्हतं, खाली स्क्रोलसुद्धा केलं नव्हतं.

काही ओळखीची होती. व्हिडिओ सेवा, फॉन्टची सेवा, भेटी मोजणारी सेवा, ‘शेअर करा’ची बटणं. एक होती वाचकाच्या माउसची हालचाल टिपून ‘कुठे जास्त बघतात’ याचा रंगीत नकाशा काढणारी. तिचं खातं दोन वर्षांत कोणी उघडलेलं नव्हतं, तरी ती बिचारी इमानेइतबारे टिपत होती. आणि एक होता एका मोठ्या समाजमाध्यम कंपनीचा पिक्सेल, म्हणजे वर सांगितलेलं ठिपक्याएवढं अदृश्य चित्र आणि त्यासोबतची स्क्रिप्ट.

पिक्सेलच्या विनंतीवर क्लिक केलं. तिच्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर लांबलचक शेपूट होतं. एका तुकड्यात संस्थेच्या जुन्या जाहिरात खात्याचा क्रमांक, दुसऱ्यात ‘पान पाहिलं’ ही घटना, तिसऱ्यात पडद्याचा आकार आणि चौथ्यात आमच्या पानाचा पूर्ण पत्ता. त्या पत्त्यात उपचाराचं नाव जसंच्या तसं.

इथे डेव्हलपरनं एक योग्य शंका काढली. ब्राउझर आता दुसऱ्या डोमेनला पानाचा पूर्ण पत्ता देत नाहीत ना? बरोबर. क्रोमनं २०२० मध्ये आणि फायरफॉक्सनं २०२१ मध्ये रेफररचा, म्हणजे ‘वाचक कोणत्या पानावरून आला’ हे सांगण्याचा, नियम कडक केला, तेव्हापासून एरवी फक्त डोमेनचं नाव जातं. पण ते ब्राउझरनं आपणहून पाठवण्यापुरतं. पिक्सेलची स्क्रिप्ट आमच्याच पानात, आमच्याच अधिकारानं चालत होती. आमची स्वतःची स्क्रिप्ट जे वाचू शकते ते सगळं तीही वाचू शकत होती. पत्ता वाचून तिनं स्वतःच शेपटात जोडला होता. दारावर कुलूप लावलंय, पण पाहुण्याला आपणच आत घेतलंय, अशी ती गत.

मग वेबसाइटच्या शोधपेटीत एक शब्द टाकून पाहिला. शोधलेला शब्द पत्त्यात येत होता, म्हणजे तोही गेला.

हा पिक्सेल आला कुठून? देणग्यांचं काम बघणाऱ्या गृहस्थांना आठवलं. तीन वर्षांपूर्वी देणगी मोहीम काढली होती, जाहिरात बघून किती जण देणगीच्या पानावर येतात हे मोजायचं होतं. एका स्वयंसेवकानं तो बसवला होता. हवा होता एका पानावर, बसवला टॅग मॅनेजरमधून आणि ‘सर्व पानं’ हा पर्याय निवडला गेला. मोहीम सहा आठवड्यांत संपली. पिक्सेल काढायची आठवण कोणालाच राहिली नाही.

टॅग मॅनेजर म्हणजे वेबसाइटच्या कोडला हात न लावता बाहेरच्या स्क्रिप्ट घालण्या-काढण्याची सोय. त्याचे अधिकार कोणाकडे आहेत ते उघडून पाहिलं. यादीत तीन नावं. एक सध्याचा डेव्हलपर, एक संस्थेचा जुना बंद पडलेला ईमेल आणि तिसरा तो स्वयंसेवक, अजूनही पूर्ण अधिकारांसह. माणूस भला होता, त्याला स्वतःलाही हे ठाऊक नव्हतं. पण त्याचा पासवर्ड कोणाच्या हाती लागला असता, तर वेबसाइटच्या हरेक पानावर हवी ती स्क्रिप्ट घालता आली असती. माझ्या मते सगळ्या तपासात सापडलेली सर्वांत गंभीर गोष्ट हीच, आणि तिचा कुकीशी काडीचा संबंध नव्हता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या बाईंना दिसलेली जाहिरात आमच्याच पिक्सेलमुळे दिसली, हे आम्हाला सिद्ध करता आलं नाही. त्यांनी दुसरीकडेही काही शोधलं असेल, किंवा जाहिरातदारानं वयोगट बघून जाहिरात लावली असेल. पण त्या क्रोम वापरत होत्या आणि त्याच ब्राउझरमध्ये घरातल्या एकाचं समाजमाध्यमाचं लॉगिन कायम चालू होतं. सफारी मार्च २०२० पासून तिसऱ्या पक्षाच्या सगळ्या कुकीज अडवतो. फायरफॉक्सनं २०२२ पासून त्या साइटगणिक वेगवेगळ्या डब्यांत ठेवायला सुरुवात केली. क्रोमनं मात्र २०२० मध्ये त्या बंद करण्याची घोषणा केली, मुदत वरचेवर पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. त्यामुळे वाचलेलं पान आणि लॉगिन असलेला माणूस यांची गाठ पडायला लागतं ते सगळं तिथे हजर होतं. आमच्यासाठी एवढं पुरे होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सगळ्यांच्या तोंडी आधी आला: बॅनर लावू. ‘ही वेबसाइट कुकीज वापरते’, दोन बटणं, झालं काम. वाचकांतले काही युरोपात राहणारे, त्यामुळे तिथल्या कायद्याचा विषय निघालाच.

हा कायदा लोकांना वाटतो तितका कुकीपुरता नाही. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाचं कलम ५(३), जे २००९ मध्ये बदललं, ते वाचलं तर नियमात कुकी हा शब्दच येत नाही. वाचकाच्या उपकरणावर माहिती साठवणं किंवा तिथली माहिती वाचणं, असं ते म्हणतं. म्हणजे लोकल स्टोरेज, ही ब्राउझरमधली माहिती साठवायची दुसरी जागाही आली. त्यावर मे २०१८ पासून जीडीपीआर या युरोपीय माहिती-संरक्षण कायद्याची संमतीची व्याख्या लागू झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयानं प्लॅनेट४९ खटल्यात सांगितलं की आधीच टिक केलेली चौकट ही संमती नव्हे. फ्रान्सच्या नियामकानं २०२२ च्या सुरुवातीला गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड जाहीर केला, कारण होकार एका क्लिकमध्ये देता येत होता आणि नकाराला जास्त क्लिक लागत होते. या पार्श्वभूमीवर नीट बॅनर लावायचा, तर ‘नाकारा’ बटण ‘स्वीकारा’इतकंच ठळक हवं आणि वाचकानं काही निवडेपर्यंत काहीही लोड होता कामा नये.

दुसरा पर्याय डेव्हलपरनं सुचवला: सगळी मोजणी सर्व्हरमार्गे न्यायची. ब्राउझर फक्त आमच्या उपडोमेनशी बोलेल, तिथून आमचा सर्व्हर माहिती पुढे धाडेल. ब्राउझरची आडकाठी नाही, तिसऱ्या पक्षाची कुकी नाही. मला हा पर्याय सगळ्यांत कमी आवडला. यात माहिती जायची थांबत नाही, जाताना दिसायची थांबते. उद्या एखाद्या वाचकानं नेटवर्क टॅब उघडला, तर त्याला सगळं आमचंच दिसेल. नेमकं काय मागे जातंय याची नीट गाळणी लावली तर त्याचे उपयोगही आहेत, पण ती गाळणी सांभाळायला इथे पूर्णवेळ माणूस नव्हता.

तिसरा पर्याय म्हणजे सगळंच काढून टाकायचं. मोजायचंच नाही. ताईंना तो लगेच पटला, देणग्या बघणाऱ्या गृहस्थांना अजिबात नाही. संस्थेला निधी देणारे दर सहा महिन्यांनी ‘किती वेगवेगळ्या वाचकांनी भेट दिली’ हा आकडा मागत. “तो दिला नाही तर पुढचा हप्ता कशाच्या जोरावर मागू?” हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. गोपनीयतेच्या चर्चांमध्ये हा माणूस नेहमी खलनायक ठरतो. इथे तसं नव्हतं. आकडा त्याला हौस म्हणून नको होता.

चौथा पर्याय मधला. बाहेरच्या स्क्रिप्ट काढायच्या, मोजणी स्वतःच्या सर्व्हरवर आणि कुकीविना करायची, व्हिडिओ वाचकानं मागितला तरच लोड करायचा.

काय केलं, आणि कुठे चुकलं

शेवटी चौथा पर्याय झाला. पण आधी पहिला झाला, आणि तिथेच आमची चूक झाली.

पत्र येऊन आठवडा झाला होता, ‘काहीतरी करायला हवं’ ही घाई होती. मीच म्हणालो, बॅनर तर आज लावू, बाकीचं सावकाश. बॅनर लागला. नऊ दिवसांनी मी पुन्हा खासगी खिडकी उघडली, बॅनर समोर होता, मी काहीच दाबलं नव्हतं आणि मागे पिक्सेलची विनंती गेलेली होती. टॅग मॅनेजरमधला पिक्सेल बॅनरचं ऐकत होता. पण त्याच पिक्सेलचा आणखी एक तुकडा कोणीतरी केव्हातरी थेट पानाच्या साच्यात चिकटवला होता, त्याला बॅनर कोण, काय, काहीच ठाऊक नव्हतं. आधी आम्ही न विचारता पाठवत होतो. त्या नऊ दिवसांत विचारून, उत्तराची वाट न बघता पाठवत होतो. दोन्हींत दुसरं जास्त वाईट, असं मला आजही वाटतं.

साच्यातला तुकडा त्याच संध्याकाळी काढला. तरी दुसऱ्या दिवशी तो काही पानांवर दिसतच होता, कारण कॅशेमध्ये, म्हणजे पानं पटकन देण्यासाठी जपून ठेवलेल्या प्रतींमध्ये, जुनी पानं होती. कॅशे रिकामी केल्यावर तो दिसेनासा झाला.

मग ‘नाकारा’चा प्रश्न. वाचकानं नकार दिला, तरी आधी ठेवलेल्या कुकीजचं काय? पिक्सेलच्या स्क्रिप्टनं आमच्याच डोमेनच्या नावे एक ओळखक्रमांक ठेवला होता, तो आम्ही पुसू शकलो. त्या कंपनीच्या डोमेनच्या कुकीला मात्र आम्ही हात लावू शकत नाही. ज्यानं ठेवली त्यानंच काढायची, असा ब्राउझरचा नियम, आणि तो असायलाच हवा. पण बॅनरवरच्या बटणाला ‘सर्व कुकीज काढा’ असं नाव दिलेलं होतं. ते आम्ही बदललं.

पुढची तक्रार सफारी वापरणाऱ्यांची. ‘मागच्याच आठवड्यात नाकारलं होतं, परत का विचारता?’ बॅनर वाचकाची निवड स्क्रिप्टमधून कुकी लिहून जपत होता. सफारी २०१९ पासून स्क्रिप्टनं लिहिलेल्या कुकीचं आयुष्य सात दिवसांवर आणतो. माग काढणाऱ्यांना आळा घालायला केलेला नियम, पण ‘माझा माग काढू नका’ हे सांगणारी चिठ्ठीही त्यातच पुसली जात होती. ती सर्व्हरकडून उत्तरासोबत पाठवली की हा अडसर उरत नाही. दुरुस्ती पाच मिनिटांची, कारण सापडायला दोन दिवस.

पाच आठवडे असं चालल्यावर ताईंनी बैठकीत विचारलं, “आपण हे सगळं कशासाठी सांभाळतोय? त्या पिक्सेलची आपल्याला गरज आहे का?” नव्हती. मोहीम तीन वर्षांपूर्वीच संपली होती. माउसच्या नकाशाची? नव्हती. शेअर बटणांची? साध्या लिंकनं भागत होतं. ज्या गोष्टी कोणालाच नको होत्या, त्यांच्यासाठी आम्ही वाचकांकडून परवानगी मागत होतो. बैठक वीस मिनिटांत संपली.

त्यानंतरचं काम सरळ होतं. टॅग मॅनेजर काढून टाकला. जुने अधिकार रद्द केले. व्हिडिओच्या जागी आमच्याच सर्व्हरवरचं स्थिरचित्र आणि त्याखाली ‘व्हिडिओ बाहेरच्या सेवेवरून येईल, सुरू करायचा?’ अशी ओळ. व्हिडिओ सेवेनं देऊ केलेला कमी कुकीजचा प्रकार वापरावा, असंही कोणी सुचवलं. पण त्यातही फाइली त्यांच्याच सर्व्हरवरून येतात, म्हणजे वाचकाचा आयपी पत्ता, त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, जातोच. मोजणीसाठी स्वतःच्या सर्व्हरवर मॅटोमो हे भेटी मोजणारं सॉफ्टवेअर बसवलं, कुकी बंद ठेवून आणि आयपी पत्त्याचे शेवटचे दोन भाग पुसून. शोधपेटीत टाकलेला शब्द पत्त्यात न येता विनंतीच्या आतून जाईल, असा बदल केला. बॅनर काढला. उरली होती फक्त अक्षरांच्या आकाराची कुकी, वाचकानं स्वतः बटण दाबून मागितलेली. तिला वेगळी परवानगी लागत नाही.

वाचकांना सांगायचं की नाही

सगळ्यांत लांबलेली चर्चा ही, आणि ती तांत्रिक नव्हतीच. विश्वस्तांपैकी एकांचं म्हणणं होतं की दुरुस्ती झाली, आता कशाला वाच्यता करायची. गवगवा झाला तर लोक येणं थांबवतील आणि चुकीची माहिती देणाऱ्या साइटवर जातील. मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता.

मी अमेरिकेतल्या गुडआरएक्सचं उदाहरण सांगितलं. औषधांच्या किमती सांगणाऱ्या त्या कंपनीवर तिथल्या व्यापार आयोगानं फेब्रुवारी २०२३ मध्ये कारवाई केली, १५ लाख डॉलरचा दंड ठरला. वापरणाऱ्यांची आरोग्यविषयक माहिती जाहिरात कंपन्यांना गेली होती, एवढाच आक्षेप नव्हता. ती देणार नाही असं वचन दिलेलं होतं आणि दिल्याचं कळवलंही नव्हतं, हाही आरोप होता. आमच्या तळाच्या ओळीत नेमकं तसंच वचन होतं.

ताईंनी निवेदन स्वतः लिहिलं. पहिला मसुदा कायद्याच्या भाषेत होता, ‘काही तांत्रिक त्रुटींमुळे’ वगैरे. तो त्यांनीच फाडला. दुसऱ्यात लिहिलं: तीन वर्षं आमच्या प्रत्येक पानावर एका समाजमाध्यम कंपनीचा पिक्सेल होता. तुम्ही कोणतं पान उघडलं हे त्या कंपनीला कळत होतं. तुम्ही त्याच ब्राउझरमध्ये तिथे लॉगिन असाल, तर ते पान तुमच्या नावाशी जोडलं गेलं असण्याची शक्यता आहे. हे आम्हाला माहीत असायला हवं होतं. निवेदन पहिल्या पानावर महिनाभर राहिलं.

त्या बाईंना वेगळं पत्र गेलं. ब्राउझरमधल्या कुकीज कशा पुसायच्या, समाजमाध्यमाच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या साइटवरून आलेल्या नोंदी कुठे दिसतात आणि त्या खात्यापासून कशा तोडायच्या, हे पायरीपायरीनं लिहून दिलं. सामायिक संगणकावर वेगळं ब्राउझर प्रोफाइल करण्याचंही सुचवलं. त्यांचं उत्तर आलं: जे आधीच गेलं ते परत आणता येईल का? आम्ही कंपनीला विचारलं होतं, ठरावीक साच्याचं उत्तर आलं होतं. बाईंना तसं कळवलं. त्यापुढे त्यांनी लिहिलं नाही.

परिणाम

बाहेरच्या डोमेनची संख्या अकरावरून शून्यावर आली. पान उघडायला लागणारा वेळ स्पष्ट जाणवेल इतका कमी झाला. कोणी त्यासाठी काही केलं नव्हतं.

आकड्यांचा मात्र घोटाळा झाला. नवी मोजणी सुरू होताच पानं पाहिल्याचा आकडा एकदम वर गेला. देणग्यांवाले गृहस्थ खूश. मग लक्षात आलं की आधी जाहिरातरोधक वापरणारे वाचक जुन्या सेवेत मोजलेच जात नव्हते, ही एक बाजू. दुसरी बाजू, इंटरनेटवर आपोआप पानं उघडत फिरणारे प्रोग्रॅम, म्हणजे बॉट, आमच्या नव्या मोजणीत वाचक म्हणून घुसत होते. ते गाळल्यावर आकडा खाली आला, पण जुन्या आकड्याशी ताडता येईना. आणि कुकीविना ‘वेगवेगळे वाचक’ हा आकडा एका दिवसाच्या पलीकडे विश्वासानं सांगताच येत नाही. आज आलेला आणि महिन्यानं आलेला माणूस एकच, हे कळणार कशावरून?

गृहस्थांनी निधी देणाऱ्यांना सरळ तसं लिहिलं आणि वेगळ्या वाचकांऐवजी उघडलेली पानं व उतरवून घेतलेल्या पत्रकांची संख्या दिली. तिकडून एकच प्रश्न आला, की मागच्या वर्षाशी तुलना कशी करायची. करता येणार नाही, असं उत्तर गेलं. ते चाललं. न चालतं तर काय झालं असतं, हे मी सांगू शकत नाही.

आज वेगळं काय केलं असतं

पहिली गोष्ट म्हणजे बॅनरच्या आधी काढणी. पत्र आलं त्या दिवशी पाच मिनिटांत टॅग मॅनेजर बंद करता आला असता. मोजणीत काही दिवसांचं भगदाड पडलं असतं, बाकी काही बिघडलं नसतं. मी ‘आधी समजून घेऊ, मग काढू’ या सवयीनं गेलो. जिथे रक्त वाहतंय तिथे ती सवय उपयोगाची नाही.

दुसरी, माझा पहिला प्रश्न. मी ताईंना विचारलं होतं, “तुमच्याकडे कुकीज कोणत्या आहेत?” त्यामुळे डेव्हलपरचं आणि माझंही लक्ष कुकीजच्या यादीकडे लागलं. विचारायला हवं होतं, “तुमचं पान उघडलं की ब्राउझर कोणाकोणाकडे जातो?” फॉन्टच्या सेवेनं एकही कुकी ठेवलेली नव्हती, म्हणून नेटवर्क टॅबमध्ये दिसूनही ती काढायच्या गोष्टींच्या आमच्या पहिल्या यादीत आलीच नाही. पण वाचकाचा आयपी पत्ता तिला जात होता. म्युनिकच्या न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये एका वेबसाइट चालकाला नेमक्या याच कारणावरून, गूगलचे फॉन्ट बाहेरून आणल्यामुळे, १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. मला तो निकाल ठाऊक होता, तरी सेवा यादीतून निसटली. शेवटच्या फेरीत ती लक्षात आली आणि फॉन्टच्या फाइली आमच्या सर्व्हरवर आणल्या.

तिसरी, बसवणाऱ्याच्या नावासह नोंद. आता एक साधी तक्त्याची फाइल आहे: बाहेरची गोष्ट कोणती, कोणी, कशासाठी आणि कधी काढायची. शेवटचा रकाना रिकामा असेल तर डेव्हलपर ती बसवत नाही.

महिन्यातून एकदा तो खासगी खिडकी उघडून पाच पानं तपासतो. चौथ्या महिन्यात त्याचा मला संदेश आला, सोबत नेटवर्क टॅबचा फोटो. बाहेरच्या डोमेनची एक ओळ परत आली होती. वेबसाइटचा साचा अद्ययावत केला, तेव्हा नव्या आवृत्तीनं फॉन्ट पुन्हा बाहेरून आणायला सुरुवात केली होती. विचारलं कोणीच नव्हतं, बॅनर लागला नव्हता, कुकीही पडली नव्हती. त्यानं तासाभरात ती ओळ काढली आणि तक्त्यात तारीख टाकली.